खुर्ची वजा करून

"पडलो न्हाई ओ मॅडम, बसलो खाली."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला पाठ टेकून बसलेल्या आक्का मला हेच परत परत सांगत होत्या. (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'आलो, गेलो, बसलो' म्हणतात. माझं ते पुण्यात शिकताना सुटलं, आक्कांचं सुटायचं काही कारणच नव्हतं.) त्यांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेआठ झाले होते. राजारामपुरीतून सुभाषनगर गाठेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ त्या तशाच फरशीवर होत्या, कारण उचलायला आलेल्या दोघा शेजाऱ्यांना त्यांनी पिटाळून लावलं होतं. "मॅडम आल्याबगार हात लावायचा न्हाई."

हे मीच शिकवलेलं. पडलेल्या माणसाच्या काखेत हात घालून ओढायची आपल्याकडे भारी हौस. त्यात खांदा जातो, आणि आक्कांचं निम्मं चालणं खांद्यावर आहे. आम्ही एकदा तालीमच केली होती: आधी पाटावर सरकायचं, पाटावरून चौरंगावर, चौरंगावरून खुर्चीवर. प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी रेटा देऊन बूड उचलायचं. त्या दिवशी त्यांनी ते चुकतमाकत केलं. चौरंगावर पोचल्यावर थांबून म्हणाल्या, "लगीन झालं न्हाई, पण चौरंगावर बसलो एकदाचं." शेजारीण हसली. मला हसू आलं नाही, कारण त्यांची उजवी मांडी थरथरताना दिसत होती. उजवी म्हणजे चांगल्या पायाची.

मी अकरा वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. अजूनही दारावरची बेल वाजली की आतून "मालिशवाल्या मॅडम आल्या" असंच ऐकू येतं, ते आता मनाला लावून घेत नाही. लोकांना वाटतं, आम्ही हातपाय हलवतो. खरं तर निम्मं काम घरातल्या सामानाशी असतं. खाट किती उंच, मोरीला धरायला काय आहे, उंबरा किती बोटं वर, रात्री दिव्याचं बटण कुठं. आक्कांच्या घरी पहिल्या दिवशी मी टेपनं खाटेची उंची मोजली तेव्हा पुतण्यानं विचारलं, "सुताराचं पण काम करता काय?"

आक्का त्रेपन्न वर्षांच्या. दोन वर्षांच्या असताना ताप आला, तापात मांडीत इंजेक्शन दिलं आणि डावा पाय गेला. हे सांगितलं की डॉक्टर लोक गालात हसतात. मी हसत नाही. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवात लुळेपणा येण्याची शक्यता वाढते, हे वैद्यकशास्त्रानंच मान्य केलेलं आहे. तेव्हापासून डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा लोखंडी सांगाडा. चपलांच्या वेण्या विणतात, खाटेच्या कडेला बसून, दिवसाचे सात-आठ तास. घरभर कोल्हापुरी चपलांच्या जोड्या आणि स्वतःच्या पायात कॅलिपरला जोडलेला काळा बूट. आठ वर्षांपासून शुगर. उंची १४९ सेंटिमीटर, वजन ८४ किलो ६०० ग्रॅम, आणि इतकी वर्षं सगळा भार घेतलेल्या उजव्या गुडघ्याची झीज.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर छापील वाक्य होतं: वजन कमी करा, रोज ४५ मिनिटे चाला. सगळ्यांना तीच चिठ्ठी. कॅलिपर घातलेल्या बाईला ४५ मिनिटं चाल म्हणणाऱ्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं तरी होतं का, हा माझा प्रश्न आहे. गल्लीतल्या लोकांनी रंकाळ्याला फेऱ्या मारायला सांगितलं. भावजयीनं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. सल्ल्याला आमच्या गावात तोटा नाही.

वजन करायचं कसं, इथूनच सुरुवात होती. घरातल्या चपट्या काट्यावर त्यांना तोल सांभाळून उभं राहता येत नाही, आणि कॅलिपर घालून उभं राहावं तर लोखंडाचं वजन धरलं जातं. मग दोन घरं सोडून रद्दीवाल्याचा प्लॅटफॉर्म काटा सापडला. त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायची, आक्कांना बसवायचं, कॅलिपर काढून पुतण्याच्या हातात द्यायचं आणि आकड्यातून खुर्चीचे २ किलो ६०० ग्रॅम वजा करायचे. दर पंधरवड्याला हा सोहळा. रद्दीवाला दरवेळी विचारायचा, "काय भाव लावू, आक्का?"

व्यायामानं वजन फारसं उतरत नाही, हे मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते. वीस मिनिटं बसून हात चालवले तर फार तर अर्धी भाकरी जिरते. उतरतं ते ताटातून. पण गुडघ्याचा हिशेब निराळा आहे. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. आक्कांना हे एकदम पटलं. "म्हंजे पाच किलो उतरलं तर ईस," त्यांनी हिशेब केला, आणि त्या दिवसापासून तो वीसचा आकडा त्यांच्या डोक्यात बसला.

मी दिलेला व्यायाम साधा होता. खुर्चीत बसून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन ठोसे मारायचे, दोन मिनिटं ठोसे, दोन मिनिटं विश्रांती. आणि खाटेवरून उठणं-बसणं. खाटेच्या चारही पायांखाली मी दोन-दोन विटा लावल्या. खाट जितकी उंच तितकं उठणं सोपं. ताकद येईल तशी एकेक वीट काढायची. उठणं आठ वेळा, मग पाच मिनिटं थांबून परत आठ. दिवसाआड. मला या विटांचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. चार-पाच हजारांचं यंत्र जे करतं ते आठ विटा करतात आणि घरातल्या घरात करतात.

आठच का, हे मात्र मी नीट सांगितलं नव्हतं. ते इथं सांगते. पोलिओ मज्जारज्जूतल्या स्नायू चालवणाऱ्या पेशी मारतो. ज्या वाचतात त्या आजूबाजूच्या पोरक्या स्नायूतंतूंना आपल्या फांद्या पाठवून सांभाळायला घेतात. एकत्र कुटुंबात एका कमावत्यावर दहा तोंडं असावीत तसं. पन्नास वर्षं तो कमावता राबतो, आणि मग दमायला लागतो. बाकीच्या जगाला लागू असलेला 'घाम गाळा, ताकद येईल' हा नियम इथं उलटा पडू शकतो. थकवा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला तर व्यायाम जास्त झाला असं समजायचं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ज्या पायाला काही झालं नाही असं घरचे सांगतात, त्या पायातल्याही काही पेशी तेव्हाच गेलेल्या असू शकतात.

मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा पेशंट सापडला, २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि आमच्या क्षेत्रातून तो विषयच उठला. नवे पेशंट थांबले म्हणून जुने थोडेच संपले? ते आहेत, पन्नाशीत-साठीत, आणि त्यांच्या दारात आमच्यासारखे लोक जातात ज्यांनी पोलिओ परीक्षेपुरता केलेला असतो. आक्कांच्या उजव्या मांडीची ताकद मी पहिल्या दिवशी हातानं दाब देऊन तपासली. घट्ट लागली. कागदावर पाचपैकी पाच लिहिलं. हाताच्या दाबाला पाच देणारी मांडी ऐंशी किलोच्या अंगाला उठवताना किती टिकेल, हे त्या एका दाबात कळत नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला झापलं असतं.

नवव्या आठवड्यात काट्यावर ८२ किलो ८०० ग्रॅम आले. खुर्ची वजा करून ८० किलो २००. आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो, अगदी पुस्तकात लिहावं तसं. मी "शाब्बास, आक्का!" म्हणत रद्दीच्या दुकानातच टाळ्या वाजवल्या. रद्दीवाल्यानं पेढा आणला, जो शुगरवाल्या बाईला देऊ नये. आम्ही तिघांनी खाल्ला. त्यानंतर सहाव्या दिवशी तो फोन आला.

खुर्चीवर बसवल्यावर मी आधी शुगर तपासली. १२६. पण मी यायच्या आधी भावजयीनं साखरेचा चहा पाजला होता, त्यामुळे तो आकडा काही सांगत नव्हता. शुगरची गोळी सातला घेतली होती, पोटात काही नव्हतं. रात्री काय जेवलात विचारलं तर आक्का भावजयीकडे बघायला लागल्या. महिनाभर रात्रीची भाकरी बंद होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आकडा उतरत होता म्हणून मीही खोदून विचारलं नव्हतं.

मग कॅलिपर. त्याच्या गुडघ्याशी दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. पाय ताठ करून उभं राहिलं की दोन्ही कड्या खाली घसरतात आणि सांधा बंद होतो. मी त्यांच्याकडे गेले की उठताना येणाऱ्या आवाजाकडे कान देते: टक, टक. त्या दिवशी उभं केलं तर एकच टक आला. मांडी थोडी उतरली होती, पट्टा सैल झाला होता, सगळा सांगाडा आत फिरला होता आणि आतल्या बाजूची कडी अर्ध्यातच अडकत होती. वजन उतरलं की कॅलिपर परत बसवून घ्यावं लागतं. यात नवीन काय? काहीच नाही. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, महिनाभरानं या.

पुतण्या म्हणत होता डावा पाय वाकला. आक्का म्हणत होत्या, "न्हाई रं, उजवा गेला."

आणि मग ते कातडं. मी विटा बघायला वाकले तर खाटेखाली विटाच नव्हत्या. आठही विटा भिंतीकडेला नीट रचून ठेवलेल्या. "कधी काढल्या?" "चार आठवडं झालं असतील की." मी येते त्या दिवशी सकाळी पुतण्या परत लावायचा. मी दिलेल्या वहीत प्रत्येक दिवसाआड आठ-आठच्या खुणा होत्या, सुबक अक्षरात. खाटेच्या उशाला मात्र वितभर लांब, दोन बोटं रुंद कातड्याची पट्टी लोंबत होती, वेणीतून उरलेली. तिच्या एका कडेवर रापीनं मारलेल्या बारीक खाचा. मी बोटानं मोजल्या. शेवटच्या गटात सहा होत्या.

"ही एक म्हंजे दहा," आक्का म्हणाल्या. मग खाली बघून, "तुमी शाब्बास म्हटलासा, मग म्हटलं करून टाकू."

साठ उठबशा, बिनविटांच्या खाटेवरून, रोज.

मला राग आला, हे कबूल करते. वही खोटी लिहिली म्हणून आला, विटा लपवल्या म्हणून आला. गाडीवरून परत येताना वाटेतल्या सिग्नलला तो राग कुठं ठेवावा तेच कळेना. या बाईला पन्नास वर्षांत अंगमेहनतीसाठी शाब्बास कुणी म्हटलं होतं? शाळेत खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवलेली पोर ती. मी पहिल्यांदा टाळी वाजवली, तीही आकड्याला.

दोन दिवसांनी, जेवणखाण सुरू झाल्यावर, कॅलिपरच्या पट्ट्यात फेल्टची घडी घालून, दोन टक ऐकून मी चाचणी घेतली. दोन विटांच्या खाटेवरून, एक हात खाटेवर टेकून, तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं. पहिल्या दिवशी सात. आता चार. साडेचार किलो हलक्या झालेल्या बाईला कमी वेळा उठता येत होतं.

गोळी आणि उपाशी पोट, सैल पट्टा, की साठ उठबशा? मी तिन्ही गोष्टी डॉक्टरांना लिहून कळवल्या. त्यांनी गोळी बदलली आणि चिठ्ठी दिली. तीच, छापील. माझं मन तिसऱ्यावर जातं, पण त्यातही एक गोम आहे: बाकीच्या दोन गोष्टींत दोष वाटून घेता येतो म्हणून मी त्यांना मुद्दाम बाजूला सारत्येय का, की तिसऱ्यात आक्कांनी खोटं लिहिलं ही पळवाट आहे म्हणून तिथं जात्येय?

तीन आठवडे उठबशा पूर्ण बंद ठेवल्या. मग चार, दिवसाआड, विटांवरून. विटांना मी खडूनं नंबर घातलेत आणि न सांगता जाते. कातड्याची पट्टी त्यांनी मला देऊन टाकली, ती माझ्या पिशवीत सांध्याचा कोन मोजायच्या गोनिओमीटरशेजारी पडलेली असते. तीस सेकंदांत गेल्या खेपेला सहा झाले. सहावं जरा ओढूनताणून होतं.

परवा परत रद्दीच्या दुकानात गेलो. वजन बघू नकोया, असं मी दोनदा म्हटलं, पण आक्का ऐकतात कुठं. काट्यावर ८३ किलो ९०० ग्रॅम. मी सहाचं सांगायला लागले, उंबरा एकट्या ओलांडल्या त्याचं सांगायला लागले. त्यांची नजर त्या लाल आकड्यांवरून हलेना.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "खुर्ची वजा केलासा न्हवं?"