हे 12 कशाचे?

फोंडा, 14 जून, रात्र

काजूचा हंगाम संपला आणि पावसाने आता चांगलाच जोर धरला आहे. बाबांच्या काजूबियांच्या खरेदीसाठी मार्चमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम आज तीन महिन्यांनी उघडला. गोणीमागे 12 रुपये असलेली हमाली 15 झाल्यामुळे फाइलमध्ये जिथे जिथे 12 दिसले, तिथे तिथे मी 15 घातले. प्रोग्रॅम विनातक्रार चालला. मात्र मासिक सरासरी एकदम घसरली, कारण वर्षाचे महिनेही 15 झाले होते.

ताई पर्वरीला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्याचेच काम करते. तिला फाइल दाखवली, तेव्हा ए, बी, सी अशा नावांनी भरलेल्या एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारले, "यातले सी म्हणजे काय रे?" ओळ माझीच होती, तरी मला उत्तर देता आले नाही. बाबांच्या वहीत तारीख, नाव, गोण्या, वजन, दर, हमाली असे रकाने असतात आणि बाबा घरी नसले तरी आई त्यावरून लोकांचे पैसे चुकते करते. मी मात्र केवळ संगणकाला कळेल असे लिहिले होते, आणि संगणकाला हमालीचे 12 व महिन्यांचे 12 यांत काहीच फरक नव्हता.

मग सगळे पुन्हा लिहायला बसलो. मी प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितो त्या पायथनची 2008 साली आलेली तिसरी आवृत्ती देवनागरी नावेही स्वीकारते, हे ताईकडून कळले तेव्हा मला फार आनंद झाला. आता फाइलच्या माथ्यावर "हमाली_प्रति_गोणी = 15" अशी ओळ आहे आणि हा आकडा दुसरीकडे कुठेही नाही. एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला, नाव सुचेना. "देणे काढून पावती छापणे" असे लांबलचक काहीतरी होत होते; तेव्हा ध्यानात आले की त्यात दोन कामे कोंबलेली आहेत. ती वेगळी करताच दोन्ही नावे आपोआप सुचली.

ताईने नवी फाइल मला काही न विचारता वाचत नेली आणि शेवटच्या पानावर थांबली. तिथे वजनाला 0.97 ने गुणले आहे. ते मी बाबांच्याच सांगण्यावरून घातले होते, एवढेच आठवते. उद्या सकाळी बाबा दुकान उघडण्यापूर्वी त्यांना कारण विचारून घेईन आणि त्या आकड्यालाही नाव देईन.