कोल्हापुरात चौघांचा स्वस्तातला मुक्काम

आजचा मुक्काम अंबाबाईच्या देवळाजवळच्या साध्या हॉटेलात. दोन मोठे, दोन लहान असतील तर डबल रूम आणि एक जादा गादी पुरते. गादीचे पैसे मात्र बुकिंग करतानाच ठरवून घ्या. चेक-आउट दुपारी १२ला की २४ तासांचं, हेही विचारा. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरणाऱ्यांचा अर्धा दिवस त्यावरच ठरतो.

खरी अडचण आंघोळीला! १५ लिटरच्या गिझरमधून विसण घालून जेमतेम दोन बादल्या निघतात, पुन्हा तापायला वीसेक मिनिटं. मध्येच नळ सोडला की कोमटच येतं. म्हणून पोरांच्या आंघोळी आधी उरका, मग चहा, मग मोठ्यांच्या. खोली शक्यतो मागच्या बाजूची मागा. महाद्वार रोडची वर्दळ झोपू देत नाही. मोठ्या माणसांची ओळखपत्रं जवळच ठेवा.