रेशमाचं जेल: निम्मा निकाल पातेल्यातच लागतो

फायब्रॉइनचं, म्हणजे रेशीमधाग्यातल्या मुख्य प्रथिनाचं, जेल एकदा दहा मिनिटांत गोठतं, तर एकदा तासभर वाट पाहायला लावतं. मग सगळे सॉनिकेटरला, म्हणजे द्रावणाला ध्वनिकंपनांनी हलवून जेल बनवायला लावणाऱ्या यंत्राला, दोष देतात. आधी पातेल्याकडे बघा.

तुतीचे ५ ग्रॅम कोष घ्या, जालन्याच्या कोष बाजारातले चालतील. आत अळी कुजून डाग पडलेले बाजूला काढा. उरलेले कापून प्युपा (आतला किडा) झटकून टाका. २ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घाला, उकळी आली की तुकडे सोडा आणि ३० मिनिटांचा गजर लावा. सेरिसिन म्हणजे बाहेरचा डिंक. तो निघाला की वजन पाव हिश्शाहून थोडं जास्तच घटतं. पण सोडियम कार्बोनेट डिंकावर थांबत नाही. ते फायब्रॉइनची सुमारे ३९० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) इतकी मोठी साखळीही तोडत राहतं. १० मिनिटं उकळलेल्याचं द्रावण घट्ट आणि हट्टी, ६० मिनिटंवाल्याचं पातळ, आणि त्याचं जेलही लेचंपेचं. 'अजून पाच मिनिटं राहू दे' इथे चालत नाही.

धागे वीस-वीस मिनिटं तीनदा धुवा, पिळा, रात्रभर वाळवा. ओल राहिली तर धागा विरघळवणारं पुढचं मीठ, लिथियम ब्रोमाइड, पातळ होतं आणि धागा अर्धवट विरघळतो. १ ग्रॅम वाळलेल्या धाग्याला ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड ४ मिलि, ६० अंशांवर ४ तास. मधाच्या रंगाचं द्रावण होतं. हे मीठ पाण्यात घालताना भांडं चांगलंच तापतं, थोडं थोडं घाला.

मग मीठ काढायला ३,५०० डाल्टनच्या डायलिसिस पिशवीत (मीठ बाहेर जातं, प्रथिन आत राहतं) ४८ तास, पाणी सहादा बदलून. पिशवी फुगते, म्हणून काठोकाठ भरू नका. सेंट्रिफ्यूज करून गाळ काढा, अर्धा मिलि वाळवून वजन करा: ७-८ टक्के यायला हवं.

इथून पुढे हिसका नको. साखळीतले ग्लायसिन-अ‍ॅलानिनचे पट्टे एकमेकांना चिकटायला टपलेलेच असतात. जोरात हलवलं, बारीक सुईतून दाबलं, पीएच ४ च्या आसपास आणला की ते बीटा-शीट, म्हणजे एकमेकांवर घट्ट बसणारे थर, रचायला लागतात. अळी तोंडाशी हेच करते: ताण, आम्लता, पाणी कमी. बाहेरचा जोडणारा रेणू लागत नाही, आणि जेलमध्ये जिवंत पेशी घालायच्या असतील तर हाच मोठा फायदा. सॉनिकेशन आधी, पेशी नंतर, गोठण्याआधीच्या मधल्या वेळात. सॉनिकेटरचं टोक वर राहिलं तर फेस होतो आणि ती बॅच गेली. एफटीआयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाने रचना तपासण्याची पद्धत) १६२०-१६३० सेमी⁻¹ ला शिखर सरकलं की रचना झाली समजा.

गडचिरोली-भंडाऱ्याच्या टसरवर (रानटी रेशीम) हीच कृती करू नका. त्यात अ‍ॅलानिनच्या सलग माळा आहेत. लिथियम ब्रोमाइडला धागा दाद देत नाही. पेशींना धरून ठेवणारा आरजीडी हा अमिनो आम्लांचा क्रम मात्र टसरमध्ये जन्मजात आहे, म्हणून लोक पिकलेल्या अळीच्या रेशीमग्रंथीतूनच द्रव फायब्रॉइन काढतात.