आमची वाटचाल : मुस्तफा, सात नंबर आणि चार पर्याय

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातल्या आमच्या दुकानात शिरलात की उजव्या कोपऱ्यात फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा दिसेल. तिथं आजोबांचा खड्डामाग होता. १९९६ साली बाबांनी तो खड्डा खडी-सिमेंटनं भरून घेतला आणि त्यावर व्हिडिओ गेमचं पहिलं मशीन उभं केलं. गल्लीतले विणकर म्हणाले, "माग बुजवून पोरं बिघडवायचा धंदा काढलास की!" बाबा काही बोलले नाहीत. रात्री पेटी उघडली तर एकशे बारा रुपये निघाले, सगळी नाणी. तेवढ्यासाठी आजोबा किती दिवस मागावर बसायचे ते मी इथं लिहीत नाही, घरात भांडण होतं.

मशीन मुस्तफाचं. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला. पण ते नाव आपल्याकडं कुणी घेतलं नाही. चौघांतला टोपीवाला मुस्तफा पळत येऊन लाथ घालायचा, तोच पोरांना आवडला, म्हणून अख्खा गेम 'मुस्तफा'. आमचा गेमचा सर्किट बोर्ड मुंबईहून आणलेला होता. ओरिजिनल नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

जॉयस्टिकबद्दल दोन शब्द, कारण आजकालच्या पोरांनी ती आतून पाहिलेलीच नाही. दांड्याच्या खाली चार दिशांना चार मायक्रोस्विच असतात. दांडा कलला की स्विचची पत्ती दबते आणि 'टक्' वाजतं. तो टक् नीट वाजला नाही तर समजायचं, पत्ती वाकली. पहिला खराब होतो तो नेहमी उजवीकडचा, कारण या गेममध्ये सगळे उजवीकडेच पळतात. आठ-आठ दिवसांनी मी पॅनल उघडून उजवा आणि डावा स्विच आपसात बदलायचो, तेवढ्यावर वर्षभर निघायचं. दोऱ्याला बांधलेलं नाणं आत सोडून परत ओढणारेही होते. त्यातला एक आता बँकेत मॅनेजर आहे.

२००५ ला माझा भागीदार आला. उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी, सुटला की घामेजलेला, काळ्या हातांनी सरळ दुकानात. आठ असेंबल्ड पीसी, केबली जोडायचा एक नेटवर्क स्विच आणि काउंटर-स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम, एवढ्यावर लॅन सुरू केली, म्हणजे पीसी एकमेकांना जोडून खेळायची सोय. केबल तोच क्रिम्प करायचा, म्हणजे आतल्या आठ तारा रंगाच्या क्रमानं लावून टोकाला प्लग दाबून बसवायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हे तो पाढ्यासारखं म्हणायचा आणि मलाही म्हणायला लावायचा. रॅमनं दगा दिला की वहीचा खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी पट्ट्या हळूच घासायचा. निम्मे पीसी तेवढ्यानंच उठायचे. पुढं तो पुण्याला गेला. हिशेब चोख केला, पण क्रिम्पिंगचा पक्कड माझ्याकडंच ठेवला. म्हणाला, तिकडं सगळं वायफाय आहे.

२००८ ते २०१८ बद्दल सांगण्यासारखं काही नाही. चाललं.

फक्त सात नंबर त्याच काळात आला, त्याला सोडून पुढं जाता येणार नाही. बैलहोंगलचा पोरगा, इथं इंजिनिअरिंगला. पहिल्या दिवशी सात नंबरच्या पीसीवर बसला आणि पाच वर्षं दुसऱ्या खुर्चीला पाठ टेकली नाही. सात रिकामा नसेल तर बाहेर कट्ट्यावर वाट बघत बसायचा. घरची भाषा कन्नड. मराठी आमच्याकडंच शिकला, आणि कुठल्या शब्दांपासून सुरुवात केली असेल ते लॅनवर खेळलेल्यांना सांगायला नको. नोकरी लागून बेंगळुरूला गेला तरी दिवाळीला येताना आमच्यासाठी काहीतरी पार्ट घेऊन येतो. मिठाई नाही, पार्ट.

मदतीसाठी गेम खेळायचं खूळ त्यानंच डोक्यात घातलं. अमेरिकेत 'गेम्स डन क्विक' म्हणून एक मंडळी आहेत. भराभर गेम संपवतात, लाइव्ह दाखवतात आणि लोक सेवाभावी संस्थांना देणगी देतात. जानेवारी २०१० मध्ये पहिल्यांदा केलं तेव्हा हॉटेलातलं नेट धड चालेना, म्हणून आयोजकाच्या आईच्या घरातल्या तळघरात सगळं हलवलं आणि तिथून साडेदहा हजार डॉलर उभे केले. हे ऐकलं आणि मला ते आपले वाटले. तिथं 'सुपर मेट्रॉइड' गेममध्ये शेवटी प्राण्यांना वाचवायचं की मरू द्यायचं, यावर लोक पैसे लावून मत देतात. वाचवायला वेळ जातो, म्हणून घाईवाले एका बाजूला आणि मायाळू दुसऱ्या बाजूला. भांडण पेटतं आणि पेटी भरते.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना? कोल्हापूरजवळ हायवे पाण्याखाली, चिक्कोडी-निपाणीकडं नद्या घरात शिरलेल्या, खानापूरकडं मलप्रभा फुगलेली. पाणी ओसरल्यावर सात नंबरचा फोन. "दादा, मुस्तफा काढ. एका कॉइनमध्ये संपवू या." आमच्या गेमरांचा ग्रुप तोवर बऱ्यापैकी मोठा झाला होता, निपाणी, खानापूर, गोकाक, चंदगड, सगळीकडची पोरं. यूट्यूबच्या पोलमध्ये आम्ही चारच पर्याय टाकतो आणि मुस्तफात खेळाडूही चारच : जॅक, हॅना, मुस्तफा, मेस. देवानंच जुळवून दिल्यासारखं. मी म्हटलं, मुस्तफाच जिंकणार, पोल कशाला? जिंकला मेस. जाडा, संथ, पण एका ठोशात दोघांना लोळवणारा. आपली पोरं कशाला मत देतील याचा अंदाज मला आजवर एकदाही आलेला नाही.

स्ट्रीमच्या दिवशी सकाळी दुकानाचं नेट गेलं. मग मुस्तफाचं मशीन हातगाडीवर आडवं टाकलं, वर ताडपत्री, आणि रिमझिमीत खडेबाजारातून घरी. एका वळणावर मागचा दरवाजा उघडला आणि बोर्ड वायरीला लोंबकळला. त्या वायरींच्या जुडग्याला आम्ही 'जामा' म्हणतो. छप्पन्न पॉइंट, रंगाचा एक जरी सुटला तरी चित्राचा रंग बिघडतो. आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी तो साफ केला, कन्व्हर्टर लावून कॉम्प्युटरला जोडला आणि दुपारी दोनला सुरू. आई मागं भाकऱ्या थापत होती. तो आवाज सगळ्या स्ट्रीमभर आहे. लोकांनी त्यासाठीही पैसे दिले.

पण चूक त्याच दिवशी केली. पैसे माझ्या स्वतःच्या क्यूआर कोडवर घेतले. वह्या, दप्तरं, चादरी घेतल्या, निपाणीकडच्या दोन गावांत आम्ही स्वतः वाटल्या, प्रत्येक बिल फाइलला आहे. तरी दोन वर्षांनी कुणी काय म्हटलं ते पुढं येतंच. हे वाचणाऱ्यांत कुणी असं काही करणार असाल तर ऐका, न विचारता सांगतो : क्यूआर संस्थेचाच लावा, पैसा आपल्या खात्याला शिवू देऊ नका. सुपर चॅटचा, म्हणजे लाइव्ह चॅटमधून थेट पैसे घ्यायचा, मोह नको, त्यातले तीस टक्के यूट्यूबच ठेवतं. देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी, आपण ऐंशी-जी म्हणतो ती, पावती देणारी संस्था बघा, आणि दोन हजारांवर रोख दिली तर त्या पावतीचा उपयोग नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला कुणाचा मामा शंभर डॉलर पाठवतो म्हणाला तर हात जोडा. परदेशी देणगीचा परवाना नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत.

सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली. लॉकडाऊननं आधीच कंबर मोडली होती, निम्मी पोरं पब्जीवरच जगत होती. तेही निभावलं. खरं बुडालो ते ऑक्टोबर २०२१ मध्ये.

त्या महिन्याच्या ५ तारखेपासून कर्नाटकात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदीचा कायदा लागू झाला. आमच्याकडं एक पैसा लागत नव्हता, तासाचं भाडं तेवढं. पण गल्लीत कायदा कोण वाचतो? 'गेम बंद झाल्या' एवढंच पसरलं. आईबाप पोरांना हाताला धरून घेऊन जायला लागले. त्याच सुमारास रेल्वे गेटाकडं एक नवं दुकान झालं : एसी, रेसिंगच्या खुर्च्या, लाल-निळे दिवे. चालकाचं नाव घेणार नाही. त्याला पहिला माउस मी धरायला शिकवला, एवढं लिहितो.

आणि ३१ ऑक्टोबरला, रविवारी संध्याकाळी, मी पोल टाकला. पुढच्या मदतीच्या स्ट्रीमला कॉमेंट्री कुठल्या भाषेत? मराठी, कन्नड, हिंदी, मिसळ.

बेळगावकरांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर. इकडं बेळगाव महाराष्ट्रात न गेल्याच्या निषेधाचा मराठी लोकांचा काळा दिवस, तिकडं कर्नाटकाचा राज्योत्सव. त्यात दोनच दिवसांपूर्वी कन्नड सिनेमाचे हिरो पुनीत राजकुमार गेलेले, कन्नड पोरं रडवेली. असा मुहूर्त शोधून सापडला नसता. माझ्या डोक्यात फक्त गेम होता. रात्री दहापर्यंत मत द्यायला अशी माणसं आली ज्यांनी जन्मात जॉयस्टिक धरली नव्हती. शिव्या दोन्ही भाषांत. साडेअकराला घाबरून मी पोलच उडवला.

आणि मग दोघंही माझ्यावर. मराठी पोरं म्हणाली, मराठी पुढं होती म्हणून उडवला. कन्नड पोरं म्हणाली, कन्नड पुढं होती म्हणून उडवला. खरं सांगू? मिसळ पुढं होती. पण त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडं नाही, म्हणून कुणी मानत नाही.

चार दिवसांत रेल्वे गेटवाल्यानं स्वतःचा मदतीचा स्ट्रीम जाहीर केला आणि बोलता बोलता सोडून दिलं, "इथं पुराच्या पैशासारखं होणार नाही." माझी फाइल तिथंच कपाटात होती. मी ती घेऊन त्याच्या दारापर्यंत गेलो आणि बाहेरूनच परत आलो. काचेतून आत माझीच पोरं बसलेली दिसली. त्याच्या स्ट्रीमची पावती आजवर कुणी पाहिलेली नाही. मीही विचारलेली नाही. पण विसरलेलो नाही.

डिसेंबरात दिवसाला तीन-चार गिऱ्हाइकं. पाच पीसी विकले. सात नंबरला कुणी हात लावला नाही, त्याचं कारण भावना नव्हे. त्याचा पंखा इतका वाजायचा की गिऱ्हाईकच मिळेना. पाळीव डुक्कर ठेवल्यासारखा आवाज. १४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं त्या कायद्यातल्या कलमांना रद्द ठरवलं. मी पेढे आणायला निघालो आणि फ्री फायर या मोबाइल गेमवर बंदीची बातमी आली, त्याच दिवशी. अर्धा किलो सांगितले होते, पाव किलोच घेतले.

त्या उन्हाळ्यात सात नंबर सुट्टी काढून आला. सामान खाली ठेवायच्या आधी पंखा बदलला, मग म्हणाला, "दादा, भाषेचा पोल नको. पैसे कुठं द्यायचे त्याचा टाक की." त्याच्या ओळखीतलं एक गाव, एकाच आवारात मराठी शाळा आणि कन्नड शाळा, मध्ये भिंत, पाण्याची टाकी एकच. पर्याय चार : वाचनालय, बाकं, पाण्याचा फिल्टर, खेळाचं साहित्य. मत द्यायला तीनशेच्या आसपास पोरं आली, पूर्वीच्या निम्मीही नाहीत. फिल्टर जिंकला. क्यूआर शाळेला मदत करणाऱ्या संस्थेचा, रक्कम दर तासाला फळ्यावर खडूनं.

मुस्तफा तो खेळला, बोललाही तोच. सुरुवात कन्नडमध्ये, मारामारी मराठीत, मेला की हिंदी. तिसऱ्या टप्प्याला गाडी मिळते, वाळवंटातून माणसं उडवत जायचं. तिथं एक चंदगडचा पोरगा लिहितो, "सात नंबर, ब्रेक आहे काय रे गाडीला?" आणि हा जीव तोडून कन्नडमध्ये उत्तर देतो की नाही, नाही, नाही. अख्खी खोली हसली, मी कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्न धरून उभा, कारण उजवा स्विच केव्हाही जाईल अशी भीती. सहाव्या टप्प्यात गेलाच. एक कॉइनचा पण मोडला. दुसरा कॉइन टाकायचा का, यावर ऐनवेळी पोल घेतला. 'टाका' जिंकलं, प्रत्येक मताला दहा रुपये द्यायचे असं पोरांनीच ठरवलं. मी नव्हे.

रेल्वे गेटवालं दुकान गेल्या वर्षी बंद झालं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. खुर्च्या मात्र मी घेतल्या, चार, अर्ध्या किमतीत.

२०२५ च्या ऑगस्टात केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हा परत सगळे विचारायला आले, दुकान बंद होणार काय? पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, हे मी कागद छापून दारावरच चिकटवलं. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही सारख्या अक्षरात, पट्टीनं मोजून.

या दिवाळीचा पोल टाकायचा आहे. हॅना आजवर एकदाही जिंकलेली नाही, तिच्यासाठी निपाणीच्या दोन पोरी प्रचार करतायत. मायक्रोस्विच तेवढे हवेत, जुन्या पत्तीचे, नवे दोन महिने टिकत नाहीत. कुणाच्या माळ्यावर जुनं मशीन पडलं असेल तर बोर्ड नको, फक्त पॅनल उघडून उजवा सोडून बाकीचे तीन मला आणून द्या.