रंग नंतर, आधी भोकं मोजा

पुतणी सॅन डिएगोहून आली ती अ‍ॅबलोनीचा शिंपला घेऊन. इथं जळगावात शेजारच्या आक्कांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याना जोडीदार कोठे शे?" जोडीदार नसतोच. दिसायला शिंपला, पण प्राणी गोगलगायीच्या गोतातला, एकच कवच पाठीवर घेऊन खडकाला चिकटून राहणारा. एका टोकाला बारीक वेटोळं दिसतं, तेवढंच त्याचं शंखपण. "लोणच्याला वाटी झाली असती, पण भोकं पडलीत," म्हणून आक्का गेल्या.

मला तर भोकंच हवी होती, त्यांवरून अ‍ॅबलोनीची जात ओळखायची होती. श्वासाचं वापरलेलं पाणी प्राणी त्यांतून बाहेर टाकतो. कवच वाढतं तशी काठाकडे नवी भोकं होतात आणि मागची बुजत जातात. म्हणून उघडी तेवढीच मोजायची. आमच्याकडे उन्हाला तोटा नाही. खिडकीत धरायचं, ज्यातून प्रकाश आरपार येईल ते मोजायचं.

आमच्यात चार निघाली, काठ किंचित उचललेले. कॅलिफोर्नियाच्या काळ्या अ‍ॅबलोनीला पाच ते नऊ असतात आणि ती पाठीच्या पातळीतच, वर न उचललेली. हिरव्याला पाच ते सात. दोन्ही बाद. गुलाबीला दोन ते चार, म्हणजे गोंधळ इथंच. पण तिची भोकं नळीसारखी वर आलेली आणि पाठ सुरकुतलेली. आमचा वीतभर लांब, पाठ विटकरी, आतल्या काठाला लाल पट्टी, मध्ये स्नायूचा मोठा ठसा: हॅलिओटिस रुफेसेन्स, लाल अ‍ॅबलोनी. जगातली सर्वांत मोठी जात, 30 सेंटीमीटरपर्यंत वाढणारी.

एकट्या रंगावर भरवसा ठेवू नये. तो खाण्यावर ठरतो. लाल शेवाळ खाल्लं तर कवच लाल. अ‍ॅबलोनीच्या शेतीत केल्पवर, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळावर, वाढवलेल्याचं हिरवट होतं. कॅलिफोर्नियात हौशी मासेमारांना लाल अ‍ॅबलोनी काढायला 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे दुकानातले शिंपले शेतीतले किंवा जुने असायची शक्यता जास्त.

आतल्या मोरपंखी चकाकीवर सगळे भाळतात, पण ती बहुतेक जातींत असते. खरा पुरावा पाठीवर, आणि विक्रेते नेमकी तीच घासून गुळगुळीत करतात! न्यूझीलंडचा पावा, म्हणजे तिथली अ‍ॅबलोनी, तर बऱ्याचदा असाच सोललेला मिळतो. मागवायचाच असेल तर बिनपॉलिशचा मागवा, आणि पैसे देण्याआधी पाठीचा फोटो मागून घ्या.