व्हॅरम पर्सी : ओसाड गाव पाहायला जाताना

इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं हे मध्ययुगीन गाव भर दुपारी पाहिलंत तर गवताळ उतार आणि पडकं चर्च एवढंच हाती लागेल. घरांच्या खुणा आहेत त्या जमिनीच्या उंचसखलपणात. हिवाळ्यात किंवा मार्चमध्ये, गवत खुरटं आणि ऊन तिरपं असताना जा. मग जोती, परसांचे बांध, मधला गाडीरस्ता, सगळं सावल्यांनी उठून दिसतं.

यॉर्कहून स्कारबरोच्या ट्रेनने मॉल्टनला उतरा. तिथून टॅक्सीने साधारण दहा किलोमीटर. परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा. पार्किंगपासून गाव सव्वा किलोमीटरवर, वाट उताराची आणि पाऊस झाला की चांगलीच निसरडी. साधे बूट नकोत. तिकीट नाही, पण संडास नाही की चहाची टपरीही नाही. कुरणात गुरं चरत असतात. गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका.

बहुतेकजण चर्चपाशी फोटो काढून परत फिरतात. आधी पश्चिमेचा चढ चढा, गाव वर होतं. घरं लांबट, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. हे सगळं इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या उत्खननातून कळलं; १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात इथे खणलं जायचं.

गाव प्लेगने संपलं, असं हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. १३४८-४९ च्या साथीत माणसं दगावली, पण वस्ती पुढे दीडशे वर्षं टिकली. शेतमजूर महाग झाले, लोकरीत पैसा दिसू लागला आणि १५०० च्या सुमारास जमीनदाराने उरलीसुरली कुटुंबं हुसकावून मेंढ्या सोडल्या. नांगरट थांबली, म्हणून तर खुणा वाचल्या.

मग खाली चर्चला या. भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी नीट पाहा: वस्ती वाढली तेव्हा बाजूची दालनं जोडली, घटल्यावर ती पाडून कमानी लिंपल्या. गावाच्या चढउताराचा याहून सरळ पुरावा इथे दुसरा नाही. शेजारच्या थिक्सेंडेलचे लोक १८७० मध्ये स्वतःचं चर्च होईपर्यंत इथेच येत. मनोऱ्याचा भाग १९५९ मध्ये वादळात कोसळला. उरलेल्यावर चढू नका.