एप्टेशिया आणि चुन्याची पेस्ट: इंदूरच्या १५० लिटर टाकीतला माझा अनुभव

झोअँथिड या मऊ कोरलच्या (प्रवाळाच्या) एका छोट्या खडकाबरोबर एप्टेशिया, म्हणजे समुद्रफुलाच्या जातीचा उपद्रवी जीव, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आला. तपकिरी, अर्धपारदर्शक देठ, वर टोकदार शुंडकांचा झुबका, आणि हात लागला की क्षणात भोकात गायब. चिमट्याने उपटायला जाऊ नका. तळाचा बारीक तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. मी एक उपटला, त्या जागी चार उगवले.

उपाय कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे चुन्याचाच. पण पानाचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाची पावडर घ्यावी. एक चमचा पावडरीत आरओचं पाणी थेंब थेंब घालून टूथपेस्टइतकी दाट पेस्ट करायची. इन्सुलिनची सुई लगेच चोंदते, म्हणून ३ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची सुई. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो.

पाण्याचे सगळे पंप बंद करायचे. मग एप्टेशियाजवळ वितळवलेल्या मायसिस कोळंबीचा (माशांचं गोठवलेलं खाद्य) रस हलकेच सोडायचा. खायला मिळतंय म्हटल्यावर तो पूर्ण उघडतो, तोंड मधोमध दिसतं, आणि पेस्ट तिथेच सोडायची. नुसती वरून ओतली तर तो आत ओढला जातो आणि वाचतो. भोकासकट झाकून १५ मिनिटं थांबायचं, उरलेला पांढरा थर बारीक नळीने ओढून घ्यायचा, मगच पंप सुरू करायचे. पंप आधी लावले तर चुना शेजारच्या कोरलवर जाऊन त्याच्या पेशी जळतात.

एका दिवसात पाच-सहापेक्षा जास्त मारू नका. चुन्याने पीएच चढतो. मी आधी आणि नंतर मोजतो, ०.२ पेक्षा जास्त वाढला की त्या दिवशीचं काम बंद. दहा दिवसांनी तीच जागा पुन्हा तपासायची, कारण पहिल्या खेपेत काही सुटतातच.

सुईने पोचता येत नाही अशा फटींतल्या लहानग्यांसाठी पेपरमिंट कोळंबी उपयोगी पडते. मोठे एप्टेशिया ती बहुधा सोडून देते, आणि तुम्ही रोज भरपूर खाऊ घातलं तर लहानही. घेताना नीट पाहावं: अंगावर लांबीने लाल रेषा असलेली ती खरी. पाठीला कुबड आणि डोळे मोठे असतील तर ती कॅमल कोळंबी, आणि ती झोअँथिडच खाऊन टाकते.

दोन गोष्टी अजिबात करू नयेत. तांब्याचं औषध टाकीत घालू नये, त्याने कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळंच मरतं. आणि झोअँथिड असलेला खडक उकळू किंवा घासू नये. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, वाफेतून किंवा जखमेतून ते माणसालाही फार वाईट आजारी पाडतं.

ब्रिसलवर्म (अंगावर केस असलेले किडे) दिसले की लोक घाबरतात. मी त्यांना हात लावत नाही, उरलेलं अन्न तेच साफ करतात.

आता नवीन कोरल थेट टाकीत जात नाही. टाकीतलंच पाणी पांढऱ्या भांड्यात घेऊन, डिप (कोरलवरचे किडे पाडायचं औषध) बाटलीवरच्या मात्रेत मिसळतो, १० मिनिटं ठेवतो आणि पिचकारीने फवारे मारतो. चपटे किडे पांढऱ्या तळावर लगेच दिसतात. डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून भिंगाखाली खालची बाजू तपासून अंडी खरवडतो आणि जमेल तिथे जुना प्लग (कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं तो छोटा तळ) काढून नवा चिकटवतो. त्यानंतर सहा आठवडे वेगळ्या २५ लिटरच्या टाकीत. तिला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाही, इंदुरात मे महिन्यात खोलीच ४० च्या आसपास जाते, म्हणून नवी खरेदी मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरकतो.